इशारा पातळी

मार्गशीर्ष लागलाय. पंचगंगा घाटावर
म्हशी गुडघाभर पाण्यात उभ्या,
दीपमाळांचे पाय कोरडे.
आणि मी पहाटे पावणेपाचला
अंथरुणातूनच अंगठ्यानं पडदा खाली ओढते:
राजाराम बंधारा, किती फूट?

साडेबारा.
काल झोपताना साडेबाराच होतं.
तरी छातीतला एक टाका सैल होतो,
आणि तो सैल व्हावा म्हणूनच
मी रोज आधी घट्ट ओढते की काय,
कुणास ठाऊक.

त्या साली आप्पा म्हणाले होते,
"आपल्या उंबऱ्याला पाणी शिवत न्हाई.
सत्तर वर्सं बघतोय."
फोन म्हणाला, त्रेचाळीसच्या वर.
मी, जाऊ आणि तेजल,
दोन शिलाई मशिनी जिन्यानं वर नेल्या,
तिसरी राहिली.
फोन खरा ठरला.
त्यानंतर आप्पा पाण्याबद्दल
काही बोललेच नाहीत.

एकदाच खरा ठरला तो.
बाकी त्या सहा दिवसांत त्यानं
राधानगरीचं धरण चार वेळा फोडलं,
शिवाजी पूल दोनदा वाहून नेला,
गंगावेशीत मगर आणली
(तिच्या मागं दुकानाची पाटी होती,
एक अक्षर आपलं नव्हतं),
आणि नबीलाल मुजावरांच्या थोरल्याला
फोटोसकट, हात जोडलेल्या फुलांसकट
मारून टाकलं,
तो समोरच्या माडीवर चहा पीत असताना.
त्यानंच मला दाखवलं. हसला.
मग पूल वाहिल्याचंही त्यानंच पाठवलं,
आणि मी ते पुढं
माहेरी, गडहिंग्लजला.
आईनं रात्रभर दिवा विझवला नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
चौथ्या दिवशी दुपारी
वरून उडणाऱ्या कुणाच्या तरी कॅमेऱ्यात
शुक्रवार पेठ दिसली.
पत्रे, काळ्या टाक्या,
तेलाच्या डब्यात लावलेली तुळस.
गच्चीवर एक बाई, मान खाली घालून,
हातात काहीतरी धरून उभी.
मला तिची दया आली.
चांगली दोन-तीन सेकंद आली.
मग गाऊनवरची ओढणी ओळखली.
खाली खरं पाणी
जिन्याच्या पाचव्या पायरीवर डुबुक डुबुक करत होतं,
आणि नीट ऐकू यावं म्हणून
मी व्हिडिओचा आवाज वाढवला.

आता मशिनीच्या पायट्याची थरथर
मांडीला लागली, की वाटतं फोन.
थांबते. बघते. काही नसतं.
"आई, मी हितंच बसलोय की,
वाजला न्हाई," तेजल म्हणते,
तिच्या फोनमधून मान न काढता.
तोवर शिवण अर्धं बोट सरकलेली.
उत्तरेश्वराकडनं येणाऱ्या पोवारवहिनी
ब्लाऊज उलटा करून विचारतात,
"काखेत असं वाकडं का वो गेलंय?"
मी म्हणते, सुई बोथट झालीय.
उसवून देते. पैसे घेत नाही.

मागच्या महिन्यात तेजलनं
ती खूणच काढून टाकली पडद्यावरून.
तीन दिवस अंगठा
त्या रिकाम्या जागेवर जाऊन टेकत राहिला,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसा.
चौथ्या दिवशी मीच परत घातली.
का, असं तिनं विचारलं नाही.
मी ठरवून ठेवलेलं उत्तर
तसंच राहिलं.

खरं तर उत्तर हे आहे, आणि तेही
मला आज पहाटेच कळलं:
साडेबारा बघून फोन उशाखाली सरकवला,
तेव्हा मधल्या कापडी पडद्यापलीकडून,
अंधारातून, खोकत,
सत्तर वर्षं नदी बघितलेला माणूस
हळूच म्हणाला,
"किती हाय?"

"साडेबारा, आप्पा."

"आं."

खाट करकरली. कूस वळली असावी.
थोड्या वेळानं घोरणं सुरू झालं.
मी मात्र पुन्हा एकदा
बघून घेतलं.